देव बघतो, इन्स्टाही बघतं

शिरवळच्या बाजारात एका मिशनऱ्याने एका लहान मुलीच्या हातात पुस्तक ठेवलं. मुलगी नायगावची, खंडोजी नेवसे पाटलांची. अक्षरओळख नव्हती, पण पुस्तकात चित्रं होती. घरी आल्यावर वडिलांनी ते हिसकावून बाहेर फेकलं. पोरीला बाटवतील ही भीती. पोरीने ते गुपचूप उचललं, लपवून ठेवलं आणि १८४० साली लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा सोबत नेलं. सावित्रीबाई फुल्यांची ही गोष्ट चरित्रांतून थोड्याफार फरकाने सांगितली जाते. आमच्या खंडाळा तालुक्यात ३ जानेवारी जवळ आली की शाळाशाळांतल्या भाषणांत ती असतेच. मीही कितीतरी मुलींकडून ती पाठ करून घेतली आहे.

आणि त्याच शाळेच्या भिंतीवर सुविचारांच्या रांगेत लिहिलेलं असतं: अनोळखी माणसाने दिलेलं काही घेऊ नये.

दोन्ही एकाच तोंडाने कसं सांगायचं? वडिलांचं ऐकलं असतं तर सावित्रीबाई घडल्या नसत्या, असं म्हणून टाळ्या घ्यायच्या आणि खाली बसल्यावर समोरच्या पोरीला म्हणायचं, वडिलांचं ऐक. ही विसंगती मुलांच्या लक्षात येत नाही असं समजण्यात अर्थ नाही. ती विचारत नाहीत, इतकंच. मला मात्र एकाने विचारलं, आणि ज्या रीतीने विचारलं त्यामुळे फोनचा प्रश्न मला देवाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येईना.

नोकरीभर मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. निवृत्त झाल्यावर शिरवळला घराजवळच्या देवळाच्या सभामंडपात रविवारी सकाळी मुलांचा वर्ग घेते. लोक त्याला संस्कारवर्ग म्हणतात, म्हणोत. पाचवी ते नववीची पोरं येतात. श्लोक, गोष्टी, थोडा हरिपाठ आणि शेवटी खिरापत, जिच्यासाठी निम्मी येतात. बहुतेकांचे आईवडील कंपन्यांत कामाला. महामार्गाच्या कडेने एमआयडीसी वाढत गेली तशी गावातली घरंही शिफ्टवर चालायला लागली. फर्स्ट, सेकंड, नाइट. आई पॅकिंगला, बाप मशीनवर, आणि शाळेतून आलेलं पोर घरात एकटं. त्याच्या हातातला फोन चैनीचा नाही. पोचलास का, जेवलास का, गॅस बंद केलास का, हे विचारायला दिलेला आहे. ‘मुलांना फोन देताच कशाला’ असं पुण्याहून येणारे व्याख्याते म्हणतात तेव्हा मला त्यांना एक दिवस आमच्या चाळीत बसवावंसं वाटतं.

एका रविवारी मी केळ्याची गोष्ट सांगितली. कर्नाटकात ती कनकदासांची म्हणून सांगतात. आपल्याकडे कीर्तनात नाव न घेताही चालते. एकादशीचा दिवस. गुरू शिष्यांना एकेक केळं देतात आणि सांगतात, जिथे कुणी बघत नसेल तिथे जाऊन खा. कुणी कोठीत खातो, कुणी झाडामागे. एकटा कनकदास केळं तसंच परत आणतो. म्हणतो, देव बघत नाही अशी जागाच सापडली नाही. माझी आवडती गोष्ट. सांगून झाली की वर्ग क्षणभर गप्प होतो, आणि मास्तरकी केलेल्या बाईला तेवढं पुरतं.

या वेळी आठवीतला एक मुलगा म्हणाला, “बाई, आमच्या घरी पण तशी जागा नाही. पप्पांनी माझ्या फोनमध्ये ॲप टाकलंय. त्यांना कंपनीत बसून सगळं दिसतं. आणि इन्स्टाला तर काहीही दिसतं. एक रील जास्त वेळ बघितलं की तसलीच येतात. मग देव, पप्पा आणि इन्स्टा यांच्यात फरक काय?”

पोरं हसली. प्रश्न हसण्यासारखा नव्हता.

माणूस कुणी बघतंय म्हणून नीट वागत असेल तर त्याला चांगला म्हणायचं का, हा धर्माइतकाच जुना प्रश्न आहे. आपल्या परंपरेने त्याची दोन वेगळी उत्तरं दिली आहेत आणि आपण दोन्ही एकाच ताटात वाढतो. एक उत्तर चित्रगुप्ताचं. तो यमाच्या दरबारात बसलाय, वही उघडी आहे, तुझं प्रत्येक कृत्य टिपलं जातंय, हिशेब शेवटी होणार. दुसरं उत्तर पंढरपूरचं. तिथला देव कमरेवर हात ठेवून उभा आहे आणि वारकरी त्याला माउली म्हणतात. संतांनी त्याच्याशी भांडणं केली, त्याला बोल लावले, आपले दोष त्याच्यापुढे पदर पसरावा तसे पसरले. तोही बघतोच. पण चालायला शिकणारं मूल धपकन पडलं की आधी आई बघतेय का ते बघतं आणि मग भोकाड पसरतं, तसलं हे बघणं आहे. ज्याच्या नजरेत आपण आहोत त्याच्याकडेच रडत जायचं.

चित्रगुप्ताकडे रडत जाता येत नाही.

त्या मुलाला मी सांगितलं की इन्स्टाग्राम हे चित्रगुप्ताच्या जातीचं आहे. फरक एवढाच की चित्रगुप्ताने आपली वही कधी जाहिरातदारांच्या कामाला लावली नाही, आणि तू वाईट रील बघितलंस तर यम तुला त्याहून वाईट दाखवत नाही. हे त्याला पटलं. “आणि पप्पा?” त्याने पुन्हा विचारलं. पप्पांचं उत्तर मी लांबणीवर टाकलं, कारण मागून दुसरा एक जण म्हणाला, “बाई, पप्पांना दिसते ती आयडी वेगळी असते.” पुन्हा हशा. म्हणजे एक खातं घरच्यांसाठी, त्यात वाढदिवसाचा केक आणि गणपतीची आरास. दुसरं खरं. नजर ठेवली की मूल सुधारतं असं आपण समजतो. बहुतेक वेळा ते नटायला शिकतं.

हे नुसतं तत्त्वज्ञान राहिलं असतं, पण पुढे एक गोष्ट घडली. वर्गातली एक मुलगी बरी गाते. भजनाच्या दोन ओळी गाऊन रील टाकते. खिरापत वाटून झाली, सगळे गेले, तरी ती सतरंजी घडी करायच्या निमित्ताने रेंगाळली आणि मग तिने फोन माझ्यापुढे धरला. एका आयडीवरून मेसेज होते. डीपीला शिवाजी महाराज, नावात ‘राजे’, खाली भगवा झेंडा. आधी तिच्या सगळ्या रील्सना लाइक. मग इंग्रजी अक्षरांत मराठी: ताई, आवाज लय भारी. कुठली शाळा? घरी कोण कोण असतं? आईबाबा दोघं कामाला का? मग एक दिवस काहीच नाही. मग ताईचं पिल्लू झालं. मग फोटो पाठव, गाताना नको, असाच. आणि सगळ्यात शेवटी: हे कुणाला सांगू नको, आपलं सिक्रेट.

मी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. या पायऱ्या किती सफाईने बांधल्या होत्या! प्रत्येक प्रश्न सुटा घेतला तर एसटी स्टँडवर कुणीही आजी विचारेल असाच. कुठली गं तू, घरी कोण असतं. आपल्याकडे चौकशी हे आपुलकीचं लक्षण असतं, आणि त्या माणसाने नेमकी तीच आपुलकी वापरली होती.

“तुला संशय आला नाही?”

“डीपीवर महाराज होते ना बाई.”

यावर बोलण्यासारखं पुष्कळ आहे. रावण सीतेच्या दारात राक्षसाच्या रूपात आला नव्हता. संन्याशाच्या वेषात आला, भिक्षा मागत आला. सीतेला फसवलं ते तिच्या लोभाने नाही, अतिथीला विन्मुख पाठवू नये या तिच्या धर्माने. पण आपल्या कीर्तनांत ही कथा कशी सांगतात? लक्ष्मणाने रेषा आखली होती, सीतेने ती ओलांडली, म्हणून पुढचं रामायण. वाल्मीकींच्या रामायणात ही रेषा नाही. ती नंतर कुणीतरी आखली, आणि आखल्यापासून आपण वेष घेणाऱ्याला सोडून रेषा ओलांडणारीकडेच बोट दाखवतोय. सोशल मीडियावर मुलींची फसवणूक झाली की पहिला प्रश्न काय असतो ते आठवा. तिने फोटो टाकलाच कशाला? आमच्या देवळात कीर्तनाला येणाऱ्या बुवांशी माझा यावरून वाद आहे. बुवा म्हणतात, रेषेने मुलींना सावध करता येतं. मी म्हणते, सावध करा, पण रेषेविषयी नको, वेषाविषयी करा. देवाचा फोटो कुणालाही डाउनलोड करता येतो. माळ, टिळा, भगवा, हिरवा, पांढरा, सगळं मिळतं. महाराजांचं चित्र लावणाऱ्याने महाराजांसारखं वागायचं असतं. चित्रावरून माणूस ठरवायचा नसतो, हे दहा वर्षांच्या मुलालाही कळतं. फक्त कुणी तशा शब्दांत सांगितलेलं नसतं.

मला जास्त लागलं ते तिचं पुढचं वाक्य. आईला का नाही सांगितलंस, विचारल्यावर म्हणाली, “आई फोन काढून घेईल.”

बस, सगळा व्यवहार या एका वाक्यावर चालतो. धमकी देणाऱ्याकडे ना सुरी असते ना पिस्तूल. त्याच्याकडे ‘तुझ्या घरी सांगेन’ एवढंच असतं. ज्या घरात सांगायची सोय आहे तिथे ही धमकी फुसकी; जिथे घर चित्रगुप्ताचं कार्यालय झालंय तिथे तिच्याइतकं धारदार काही नाही. आपण मुलांना घरची भीती घालतो तेव्हा समजतो की कुंपण घातलं. खरं तर परक्या माणसाच्या हातात आपणच हत्यार दिलेलं असतं.

इथे मला शिरवळच्या बाजारातली ती मुलगी नव्याने दिसायला लागली. मिशनऱ्याने पुस्तक भर बाजारात दिलं. लपव म्हणाला नाही. लपवाछपवी घरी आल्यावर सुरू झाली, वडिलांच्या भीतीने. मिशनऱ्याचा हेतू निर्मळ होता असंही नाही; त्याला धर्म वाढवायचा होता, आणि वडिलांची शंका अगदीच बिनबुडाची नव्हती. पण त्या मुलीने अक्षर घेतलं आणि धर्म ठेवून दिला. पुढे शिक्षिका होण्याचे धडेही मिशनरी बायकांकडे घेतले, १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवलं आणि वळली ती सत्यशोधक समाजाकडे, चर्चकडे नाही. देणाऱ्याचा हेतू ओळखून हवं तेवढंच घेणं, याला आपल्याकडे विवेक म्हणतात. आणि त्या पुस्तकाला ठाऊक नव्हतं आपण कुणाच्या हातात आहोत ते. कुठल्या पानावर ती थबकली, रात्री किती वाजता उघडलं, घरी कोण नव्हतं, यातलं काहीही ते बाजारात परत जाऊन कुणाला सांगणार नव्हतं. तेव्हा ‘सावित्रीबाईंनीही घेतलं होतं’ म्हणून आजचं सगळं सैल सोडता येणार नाही. पण ‘अनोळखी माणसाकडून काही घेऊ नये’ ही पाटी मात्र मी वर्गातून काढली. तिच्या जागी मुलांना एवढंच विचारायला शिकवते: हा माणूस मला हे लपवायला सांगतोय का? लपव म्हणाला की तो ओळखीचा असला तरी, काका-मामा असला तरी, गडबड आहे.

त्या मुलीच्या बाबतीत पुढे काय केलं ते थोडक्यात सांगते. चॅट पुसू दिलं नाही. आधी स्क्रीनशॉट घेतले, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आता सगळ्या वर्गाला पाढ्यासारखा येतो. तिने फोटो पाठवला नव्हता. आईला तिनेच सांगितलं, मी फक्त शेजारी बसले. आईचा पहिला शब्द अपेक्षेप्रमाणे “दे तो फोन इकडे” हाच होता. दुसरा शब्द यायला बराच वेळ लागला. तिसरी शिफ्ट करून आलेली बाई, डोळे तारवटलेले. तिला मी विठ्ठल आणि चित्रगुप्त सांगत बसले नाही, चहा टाकला.

खात्यांचं वय हा आणखी एक विषय. इन्स्टाग्रामवर तेरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. वर्गात हात वर करायला सांगितले तर सहावीतलेही निम्मे आत. कसे? जन्मसाल २००० टाकून. कुणी टाकलं? “ताईने.” “मम्मीने.” म्हणजे या जगात पाऊल टाकताना पहिलं जे करायचं ते खोटं बोलणं, आणि ते घरच्यांच्या हाताने. आपण मग त्याच मुलाला सत्यवादी हरिश्चंद्राची गोष्ट सांगतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल असं म्हटलंय, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडियाची खातीच बंद केली. कायदे असावेत, माझं काही म्हणणं नाही. पण कागदोपत्री पंचवीस वर्षांचं असलेलं बारा वर्षांचं पोर कुठल्या कायद्याच्या हाती लागणार?

बंदीपेक्षा व्रत मला जास्त कळतं. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ साली स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी तिथे सभा झाली आणि सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने ठरलं की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत सगळं गाव टीव्ही-मोबाइल बंद ठेवेल. करोनाच्या ऑनलाइन शाळेने पोरांना फोनची जी सवय लागली ती सुटेना, त्यावरचा हा उपाय. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलबंदीचा ठराव केला. दोन्ही गावांची तळमळ खरी, पण मला वडगाव पटतं. कारण तिथे बापाचाही फोन बंद होतो. एकादशी घरातल्या सगळ्यांनी धरायची असते. आई-बाप वडापाव खात बसलेत आणि पोराच्या ताटात फक्त भगर, याला उपास म्हणत नाहीत, शिक्षा म्हणतात. अर्थात भोंगा साडेआठला पुन्हा वाजतो, आणि रात्री अकरा वाजता गोधडीत काय चालतं त्यावर त्याचा इलाज नाही.

तिथे कुठलाच भोंगा चालणार नाही. कृष्णाने अर्जुनाला सगळी गीता सांगितली, विश्वरूप दाखवलं, आणि अठराव्या अध्यायात काय केलं? नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर, असं म्हणून निर्णय त्याच्यावर सोपवला. साक्षात भगवंत समोर असताना! लगाम हातात असलेला सारथीच तो, रथ हवा तिकडे नेऊ शकला असता. मला गीतेतलं बाकी पुष्कळ कळत नाही, पण ही जागा शिक्षक म्हणून कळते. एका टोकाला सगळं सांगणं आणि दुसऱ्या टोकाला सोपवणं, यातलं एकच केलं तर ते शिकवणं होत नाही. नुसतं सोपवलं तर ते अंगावरचं काम झटकणं, आणि नुसतं सांगत राहिलं तर पोर कधी मोठंच होत नाही. लहान असेपर्यंत फोन बाहेरच्या खोलीत सगळ्यांसमोर, मग थोडा थोडा आत, असा माझा साधा हिशेब. आणि फोनमध्ये काही टाकायचं असेल तर मुलाला सांगून टाका. गुपचूप बघणारा बाप आणि ‘आपलं सिक्रेट’ म्हणणारा राजे, दोघं एकच गोष्ट शिकवतात.

त्या आठवीतल्या मुलाचे वडील एका रविवारी वर्ग सुटताना भेटले. मुलाने त्यांना काहीबाही सांगितलं असावं. माणूस रागावलेला नव्हता, दमलेला होता. म्हणाले, “बाई, तुमची माउली ठीक आहे. पण मी सेकंडला असतो, बारा वाजतात घरी यायला. तोवर कोण बघणार?”

याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही, आणि मी तसं त्यांना सांगितलं. एक केलंय म्हटलं. वर्गातल्या प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एक नाव लिहिलंय. फोनवर काही भलतंसलतं झालं, चूक आपलीच असली तरी, आणि आई-बाबांना लगेच सांगायचं धाडस नसलं, तर पहिल्यांदा कुणाकडे जाशील, एवढाच प्रश्न. मोठं माणूस हवं, ही एकच अट. कुणी आत्या लिहिली, कुणी मावसभाऊ, दोघींनी शाळेतल्या मॅडम, एकाने किराणा दुकानवाल्या काकू. ज्यांची नावं आली त्यांना मी जाऊन भेटले, विचारलं, तुम्ही तयार आहात ना? आरडाओरडा न करता ऐकून घ्याल ना? आणि मग आईबापांपर्यंत पोचवायला मुलासोबत याल ना? एकीने नाही म्हटलं. तिथे दुसरं नाव शोधलं.

“आमच्या पोराने कुणाचं लिहिलंय?” त्यांनी विचारलं.

“त्यालाच विचारा,” मी म्हटलं.

“म्हणजे तुम्ही मला सांगणार नाही?”

“नाही.”

ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग चप्पल घालता घालता, जरा कुरकुरतच, म्हणाले, आज सुट्टी आहे, विचारतो.